पोटावरील शस्त्रक्रिया आणि तिच्यानंतरचा माणूस

वजन कमी करण्यासाठी पोटावर शस्त्रक्रिया करतात ही गोष्ट आता भोकरसारख्या तालुक्याच्या गावीही नवी राहिलेली नाही. मोंढ्यात, एस. टी. स्थानकावर, आदिलाबादकडे जाणाऱ्या गाडीच्या डब्यात तिच्याविषयी बोलणे निघते, आणि बहुधा दोन टोकांची मते ऐकावयास मिळतात. एक म्हणतो, हे श्रीमंतांचे चोचले. कष्ट करणाऱ्याला कशाला हवेत? दुसरा म्हणतो, पोट कापले की माणूस सुटला, दीड-दोन तासांचे तर काम! मी डॉक्टर नाही. माझी शाळा सातवीनंतर सुटली आणि पुढचे शिक्षण जिनिंगच्या फाटकावर व उसन्या पुस्तकांवर झाले. परंतु हमाल, जिनिंग-प्रेसिंगचे कामगार, एस. टी.चे चालक-वाहक आणि अंगणवाडीच्या बाया यांच्यात तीस वर्षे वावरल्यामुळे आजारपणाचे कागद माझ्या हातून पुष्कळ गेले. विम्याचे अर्ज लिहिताना जे वाचावे लागले, आणि ज्यांनी ही शस्त्रक्रिया करून घेतली त्यांच्यापाशी बसून जे ऐकले, त्याच्या आधाराने हा विषय मांडीत आहे. शस्त्रक्रिया पोटावर होते, पण तिचा परिणाम ताटावर, संसारावर, कामावर आणि मनावर होतो. आणि त्यातला अवघड भाग पहिल्या वर्षी न दिसता दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, डॉक्टरांच्या नजरेआड सुरू होतो. मला मुख्यतः एवढेच सांगावयाचे आहे.

श्रीमंतांचे चोचले हा समज का झाला ते उघड आहे. नितीन गडकरी यांनी 2011 साली मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतली आणि ती गोष्ट लपविली नाही. 2014 साली अरुण जेटली यांच्यावर दिल्लीत झाली. मोठ्यांची नावे वर्तमानपत्रांत येतात, लहानांची येत नाहीत. मात्र 2017 साली दोन लहान माणसेही वर्तमानपत्रांत आली. इजिप्तमधील सुमारे पाचशे किलो वजनाची एक स्त्री फेब्रुवारीत मालवाहू विमानाने मुंबईत आणली गेली. मार्चमध्ये तिच्यावर शस्त्रक्रिया झाली, वजन झपाट्याने उतरले. मे महिन्यात तिला अबुधाबीस हलविले आणि सप्टेंबरमध्ये ती तेथे वारली. त्याच फेब्रुवारीत, मुंबई महापालिकेच्या मतदानाच्या दिवशी, मध्य प्रदेशातील एका लठ्ठ पोलीस निरीक्षकाचे छायाचित्र थट्टेसाठी देशभर फिरले. तो म्हणाला, हे माझे खाणे नव्हे, आजार आहे. पुढे मुंबईतच त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली. त्याची थट्टा करणाऱ्यांत सुशिक्षितांचा भरणा होता, हे मला विसरता येत नाही. आपल्याकडे आंधळ्याला, पांगळ्याला तोंडावर हसू नये एवढी रीत सर्वांना कळते. लठ्ठ माणूस मात्र सर्वांच्या हक्काचा.

आता शस्त्रक्रिया असते काय ते पाहू. जठर ही अन्न साठविण्याची पिशवी. भरल्या पंगतीनंतर तिच्यात लिटरभर किंवा त्याहूनही अधिक अन्नपाणी मावते. आज सर्वांत अधिक केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियेत या पिशवीचा फुगीर भाग, म्हणजे जवळजवळ तीन चतुर्थांश ते चार पंचमांश जठर, उभे कापून कायमचे काढून टाकतात आणि सदऱ्याच्या बाहीसारखी अरुंद नळी शिल्लक ठेवतात. तिचे इंग्रजी नावही 'स्लीव्ह', म्हणजे बाही, असेच आहे. दुसऱ्या प्रकाराला 'बायपास' म्हणतात. त्यात जठराच्या वरच्या टोकाशी दोन मोठे चमचे मावतील एवढी लहानशी पिशवी वेगळी करतात आणि लहान आतड्याचा पुढचा भाग वर ओढून तिला जोडतात. गावात गर्दी झाली की बाहेरून वळण रस्ता काढतात, तसे अन्न उरलेले जठर आणि आतड्याचा पहिला भाग टाळून पुढे जाते. ही जोडणी इंग्रजी 'वाय' अक्षराच्या आकाराची असते. तशी जोडणी स्वित्झर्लंडचे शल्यवैद्य सेझार रू यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वेगळ्याच आजारांसाठी रूढ केली होती. वजनासाठी बायपास प्रथम केला तो अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन यांनी, 1966 साली. व्रणासाठी जठराचा भाग काढलेले रोगी खंगतात व पुन्हा अंग धरीत नाहीत, या जुन्या अनुभवातून त्यांना हा मार्ग सुचला. त्या काळी पोट फाडावे लागे. आता दुर्बिणीतून चार-पाच लहान छिद्रांवर काम होते आणि रोगी दोन-तीन दिवसांत घरी जातो. दीड-दोन तासांचे काम ही समजूत येथूनच आली असावी.

पिशवी लहान झाली म्हणून माणूस कमी खातो, हे अर्धेच खरे. 1999 साली जपानमधील कोजिमा आणि कांगावा या शास्त्रज्ञांनी जठरातून रक्तात जाणारे एक द्रव्य शोधून काढले. त्याला 'घ्रेलिन' म्हणतात. उपाशीपोटी ते वाढते आणि मेंदूला भुकेची वर्दी देते. ते मुख्यतः जठराच्या त्याच फुगीर भागात तयार होते, जो बाहीच्या शस्त्रक्रियेत कापून काढला जातो. उलट, अन्न आतड्याच्या खालच्या भागात लवकर पोहोचू लागले की तेथून दुसरी द्रव्ये अधिक सुटतात आणि ती मेंदूला तृप्तीची वर्दी देतात. म्हणजे शस्त्रक्रियेने नुसती पिशवी आवळली जात नाही, निरोप पोहोचविणारे जासूदच बदलतात. कित्येकांनी मला सांगितले की, पहिले काही महिने भूक म्हणून काही लागतच नाही, घड्याळ पाहून खावे लागते. हे ऐकल्यानंतर 'तोंडावर ताबा ठेव' हा उपदेश किती पोकळ आहे ते माझ्या ध्यानी आले. ज्याच्या रक्तात भुकेचा निरोप दुप्पट जोराने वाजतो आणि ज्याच्या रक्तात तो मंद वाजतो, त्या दोघांच्या निश्चयाची तुलना करणे न्यायाचे नाही.

मधुमेहाची गोष्ट याहूनही विलक्षण आहे. अमेरिकेतील वॉल्टर पोरीज या शल्यवैद्यांनी 1995 साली आपल्या रोग्यांचा अनुभव प्रसिद्ध केला. बायपासनंतर पुष्कळ मधुमेह्यांची रक्तातील साखर थोड्याच दिवसांत, वजन फारसे उतरण्यापूर्वीच, ताळ्यावर आली होती. वजनासाठी शोधलेला उपाय मधुमेहावरही चालतो, हे असे कळले. परंतु येथेच सावधपणे पाहिले पाहिजे. स्वीडनमध्ये 1987 साली सुरू झालेल्या एका मोठ्या अभ्यासात शस्त्रक्रिया केलेल्या सुमारे दोन हजार माणसांवर आणि तेवढ्याच न केलेल्या माणसांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवले गेले. शस्त्रक्रिया केलेल्यांत मृत्यू कमी झाले, हे त्यातून 2007 साली सिद्ध झाले. ही गोष्ट लहान नव्हे. शस्त्रक्रियेनंतर दोन वर्षांनी मधुमेह्यांपैकी शेकडा 72 जणांचा मधुमेह मागे हटलेला होता. पंधरा वर्षांनी हे प्रमाण शेकडा 30 उरले. वजनाचेही तसेच. बायपास केलेल्यांचे वजन वर्ष-दोन वर्षांत सरासरी शेकडा 32 ने उतरले आणि दहा वर्षांनी ती उतरण शेकडा 25 वर आली. फायदा राहिला, पण पहिल्या वर्षीचा आकडा धरून जो बसेल त्याची निराशा होईल.

शरीरात दुसरे काय काय बदलते? पहिले काही दिवस नुसते पातळ पदार्थ: पाणी, ताक, वरणाचे पाणी. मग मऊ, मग घट्ट. चमचाभर खावे, चावून चावून खावे, जेवताना पाणी पिऊ नये. ज्याने आयुष्यभर धपाटे आणि भाकरी चार घासांत संपविली त्याला अर्धी वाटी खिचडीला अर्धा तास लावणे म्हणजे नवी नोकरी शिकण्यासारखे आहे. बायपास केलेल्याने गोड अधिक खाल्ले तर अन्न आतड्यात एकदम उतरते आणि घाम, धडधड, चक्कर, जुलाब असा त्रास होतो. पुरणाच्या पोळीनंतर अंथरूण धरलेला एकजण म्हणाला, बापाने जे शिकविले नाही ते आतड्याने शिकविले. तीन ते सहा महिन्यांच्या सुमारास केस गळू लागतात. बाया यानेच सर्वांत अधिक घाबरतात. शरीराला बसलेल्या धक्क्यामुळे हे होते आणि प्रथिने पुरेशी मिळाली तर केस बहुधा पुन्हा येतात. वजन फार वेगाने उतरताना पित्ताशयात खडे होण्याचा संभव वाढतो. आणि कातडी, ती तर मागेच राहते. पोटावर, दंडावर, मांड्यांवर तिच्या घड्या लोंबतात, त्यांखाली घामाने चट्टे उठतात. भोकरच्या उन्हाळ्यात जिनिंगच्या कापसाच्या धुळीत काम करणाऱ्याला ही बाब सौंदर्याची नसून त्रासाची आहे.

प्रथिनांचा प्रश्न आपल्या ताटाचा आहे. आपले ताट ज्वारीचे व भाताचे, वरण पातळ, अंडे सणासुदीला. पोट मोठे होते तोवर खूप खाऊन थोडीशी प्रथिने पदरात पडत. आता दिवसाला मूठ-दोन मुठी अन्न जाणार असेल, तर डाळ, मठ, शेंगदाणे, दही, पनीर, अंडी, मासळी आधी आणि भाकरी शेवटी, असा क्रम उलटावा लागतो. हे सांगणे सोपे आहे. पण घरात सर्वांच्या शेवटी, उरलेले जेवणाऱ्या सुनेला हा क्रम कोण पाळू देईल? डॉक्टरांचा छापील आहारतक्ता हातात घेऊन आलेल्या बाईला मी विचारले, हा घरात कोणी वाचला का? ती नुसती हसली.

जीवनसत्त्वांकडे दुर्लक्ष करणे तर सरळ धोक्याचे. लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, ब-बारा आणि ब-एक यांच्या गोळ्या किंवा इंजेक्शने जन्मभर घ्यावी लागतात. बायपासमध्ये अन्न ज्या भागाला टाळून जाते तेथेच लोह व कॅल्शियम चांगले शोषले जाते. ब-बारा रक्तात शोषले जाण्यासाठी जठरातील एक द्रव्य लागते. जठरच कमी झाले की ते पुरे पडत नाही. ब-बाराचा साठा यकृतात काही वर्षे पुरतो, म्हणून त्याची उणीव उशिरा कळते. पायांना मुंग्या येतात, चालताना तोल जातो, स्मरण ढासळते, आणि तोवर माणूस शस्त्रक्रिया विसरलेलाही असतो. ब-एकचा साठा मात्र दोन-तीन आठवड्यांतच संपतो. शस्त्रक्रियेनंतर उलट्या थांबत नसतील तर चालढकल न करता दवाखाना गाठावा, कारण या उणिवेने मेंदूस कायमची इजा होऊ शकते. महाराष्ट्रातील अर्ध्याहून अधिक स्त्रियांना मुळातच रक्ताची उणीव आहे, हे सरकारी पाहणीतले सत्य यात मिळवा. लोहाची गोळी चहाबरोबर घेतली तर अंगी लागत नाही, हेही सांगून ठेवतो, कारण आपल्याकडे गोळी चहाबरोबरच घेण्याची रीत आहे. मूल व्हावयास अडचण येत असलेल्या स्त्रियांना वजन उतरल्यावर दिवस जाणे सोपे होते. पण पहिले वर्ष-दीड वर्ष गर्भ राहू देऊ नये, आणि बायपासनंतर संततिनियमनाच्या गोळ्यांवर विसंबू नये, असे डॉक्टर सांगतात.

आणखी एक गोष्ट श्रमिकांसाठी मुद्दाम सांगतो. अंग दुखले की औषधाच्या दुकानातून वेदनाशामक गोळी घ्यावयाची, ही आपल्या हमालांची रोजची सवय. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या जातीच्या गोळ्यांनी बायपासच्या जोडावर व्रण होऊन रक्तस्राव होऊ शकतो. दुकानदाराला तुमचे पोट कापलेले दिसत नाही. ते तुम्हीच सांगितले पाहिजे.

आता मनाकडे वळतो. यावर बोलण्यासाठीच मी हा विषय घेतला.

पहिले वर्ष उत्साहाचे जाते. आठवड्याला काटा खाली येतो, जुने कपडे सैल होतात, गुडघे दुखेनासे होतात, रात्रीचे घोरणे थांबते. कित्येकांची उदासी या काळात कमी होते, हे अभ्यासांतही दिसून आले आहे. मोंढ्यातला हमाल जाणतो की, पाठीवरचे पोते उतरले तरी चार पावले माणूस वाकूनच चालतो. तसेच काहीसे येथे होते. नव्वद किलोचा झालेला माणूस मनाने एकशे तीसचाच असतो. तो दारातून आडवा होऊन शिरतो, बसमध्ये दोघांच्या बाकावर बसण्यास संकोचतो, आरशासमोर उभा राहत नाही. कुणी कौतुक केले तर त्याला आनंद होतो आणि रागही येतो. एका बाईने मला स्वच्छ शब्दांत सांगितले: "आज जे गोड बोलतात, ते दोन वर्षांपूर्वी मला पाहून तोंड फिरवीत होते. मी तर तीच आहे." या प्रश्नावर उत्तर नाही, आणि गोळीही नाही.

दुसरे म्हणजे आधार जातो. दुःखात, एकटेपणात, रात्रपाळीच्या कंटाळ्यात पुष्कळजण खाण्यात विसावा शोधतात. शस्त्रक्रियेने खाणे बंद होते, दुःख जागच्या जागी राहते. मग माणूस दुसरा विसावा शोधतो आणि आपल्याकडे तो फार दूर नसतो. बायपासनंतर दारू रक्तात लवकर आणि अधिक चढते. पूर्वी दोन पेल्यांत न होणारे एकात होते. अमेरिकेतील दहा रुग्णालयांतील 1945 माणसांचा अभ्यास 2012 साली प्रसिद्ध झाला. दारूच्या विकाराचे प्रमाण शस्त्रक्रियेपूर्वीच्या वर्षी शेकडा 7.6 होते, पहिल्या वर्षी 7.3, आणि दुसऱ्या वर्षी 9.6. पहिल्या वर्षी काही दिसत नाही, दुसऱ्या वर्षी दिसते, आणि दुसऱ्या वर्षी रोगी तपासणीला जाणे सोडतो.

कॅनडातील ओंटारिओ प्रांतात 8815 रोग्यांची शस्त्रक्रियेपूर्वीची आणि नंतरची तीन-तीन वर्षे पडताळली गेली. 2015 साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, स्वतःला इजा करून घेऊन तातडीच्या विभागात येण्याचे प्रमाण शस्त्रक्रियेनंतर सुमारे दीडपट झाले. असे करणारे 111 जण होते, म्हणजे हजारात बारा-तेरा, आणि प्रसंग बहुतांशी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीचे. या आकड्याने कुणी भिऊ नये. बाकीच्यांना असा त्रास झाला नाही. पण त्यांपैकी जवळजवळ सर्वांना मानसिक आजाराची पूर्वपीठिका होती, ही बाब ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ज्याला आधीपासून उदासी आहे त्याने ती शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांपासून लपवू नये. लपविण्याचे कारण मी जाणतो: वेडा ठरविले तर शस्त्रक्रिया नाकारतील ही भीती. आणि उदासीवरच्या कित्येक गोळ्या नव्या पोटात पूर्वीसारख्या शोषल्या जात नाहीत, त्यांचे प्रमाण पुन्हा ठरवावे लागते. हेही लपविणाऱ्याला कोण सांगणार?

संसाराचेही पारडे हलते. स्वीडनमध्येच 2018 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आढळले की, शस्त्रक्रियेनंतर एकट्या माणसांची लग्ने अधिक जुळली आणि जोडप्यांत ताटातूटही अधिक झाली. आपल्याकडे ताटातूट क्वचित होते, पण धुसफूस होते. बायको बारीक झाली, बाहेर पडू लागली, कामाला जाते म्हणू लागली, की नवऱ्याला खुपते. नवरा जेवेनासा झाला की बायकोला वाटते, माझ्या हातची चव गेली. मराठवाड्यात माया दाखविण्याची भाषाच जेवणाची आहे. जावयाला धोंड्याचे जेवण, पाहुण्याला आग्रहाने वाढलेली तिसरी पोळी, हुरड्याच्या दिवसांत शेतावर बोलावणे. तेथे 'मला पुरे' म्हणणारा माणूस अपमान करतो असे समजतात. एका लग्नात चार घास खाऊन उठलेल्या आमच्या सभासदाला मुलीच्या चुलत्याने सर्वांदेखत विचारले, आमच्या घरचे चालत नाही का? तो माणूस पुढे दोन वर्षे कुठल्याच लग्नाला गेला नाही. अशा एकटेपणाची नोंद कुठल्या केसपेपरावर होत नाही.

पैशांचा विचार केल्याशिवाय हे सारे बोलणे शहरी ठरेल. ज्यांचा खासगी आरोग्यविमा आहे त्यांनी विमा नियामकांचे 2019 सालचे नियम पाहावेत. उंचीच्या मीटरच्या वर्गाने किलोंतील वजनाला भागले की जो आकडा येतो तो 40 किंवा अधिक असावा. अथवा 35 असून हृदयरोग, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र विकार किंवा ताब्यात न येणारा मधुमेह यांसारखा आजार असावा. वय अठरा पूर्ण हवे, आणि आधीचे सौम्य उपाय फसलेले असावेत. नाहीतर कंपनी खर्च नाकारू शकते. पाच फूट तीन इंच, म्हणजे 160 सेंटीमीटर उंचीच्या माणसाला 35 हा आकडा सुमारे 90 किलोंवर येतो आणि 40 हा 102 किलोंवर. पण शल्यवैद्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी 2022 साली आशियाई लोकांसाठी 27.5 पासूनच या शस्त्रक्रियेचा विचार करावा असे ठरविले. म्हणजे त्याच माणसाला सुमारे 70 किलोंपासून. याचे कारण पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामातून चांगले समजते. 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यक नियतकालिकात त्यांनी इंग्लंडमधील आपले सहकारी युडकिन यांच्याशी स्वतःची तुलना दिली होती. दोघांचाही वरील आकडा 22.3, सारखाच, पण अंगातील चरबी युडकिन यांच्यात शेकडा 9.1 आणि याज्ञिक यांच्यात शेकडा 21.2. आपण बारीक दिसतो तेव्हाही आतून चरबीचे असतो. या दोन नियमांच्या मधल्या वीस किलोंत आपला मधुमेही कामगार सापडतो: डॉक्टर शस्त्रक्रियेचा विचार करा म्हणतात आणि विमा कंपनी नाही म्हणते.

विमा मंजूर झाला तरी तो शस्त्रक्रियेचा. गोळ्यांचा जन्मभराचा खर्च, दर वर्षीच्या रक्ततपासण्या, नांदेड किंवा हैदराबादला जाण्यायेण्याचे भाडे आणि बुडालेला रोज हा हिशेब कोणी मांडीत नाही. चार ते सहा आठवडे जड ओझे उचलता येत नाही. मुकादमाच्या हाताखालच्या कंत्राटी माणसाला सहा आठवडे हलके काम म्हणजे सहा आठवडे काम नाही, असाच अर्थ होतो. चालकाला दर दोन-तीन तासांनी थोडे खावे लागते, घोटघोट पाणी प्यावे लागते. लांब पल्ल्याच्या गाडीवर ते कसे जमवावे? एका कारखान्यात अशाच कामगाराला डबा उघडण्यासाठी दिवसातून चार वेळा जागा सोडतो म्हणून ताकीद मिळाली होती. डॉक्टरांचा दाखला जोडून ती मागे घ्यावयास लावली, पण त्यासाठी तीन महिने गेले.

2025 साली टिर्झेपटाइड आणि सेमाग्लुटाइड यांची वजनासाठीची इंजेक्शने भारतात विकली जाऊ लागली, तेव्हापासून शस्त्रक्रियेची गरजच संपली असे काहीजण म्हणतात. ती इंजेक्शने वर सांगितलेल्या तृप्तीच्या जासूदांचीच नक्कल करतात, आणि थांबविली की वजन बहुधा परत येते. ज्यांना शस्त्रक्रिया झेपत नाही त्यांना ती उपयोगी आहेत. दर आठवड्याचा खर्च कोणाला झेपतो, हा प्रश्न तेथेही आहेच.

म्हणून शस्त्रक्रिया ठरविणाऱ्या सभासदाला मी आता तीन गोष्टी आधी विचारतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी तुला तपासणार कोण, आणि तेथे जाण्याचे भाडे कोठून येणार? घरात स्वयंपाक करणारीला, किंवा ती तूच असशील तर घरातल्या बाकीच्यांना, आहारतज्ज्ञासमोर नेऊन बसविले आहेस का? आणि रात्री झोप येत नाही, जीव नकोसा वाटतो असे झाले तर बोलशील कोणाशी? या शेवटच्या प्रश्नाला बहुतेकजण गप्प राहतात. केंद्र सरकारने 2022 साली सुरू केलेली 'टेली मानस' ही सेवा 14416 या क्रमांकावर चालते, मराठीतही बोलता येते आणि पैसे पडत नाहीत. तो क्रमांक आम्ही संघटनेच्या वर्गणीच्या पावतीमागे छापून घेतला आहे. वर्षातून दोन दिवसांची भरपगारी तपासणी-रजा आणि कामाच्या वेळेत चार वेळा खाण्याची मुभा, अशी मागणी आमच्या संघटनेने एका व्यवस्थापनाकडे लेखी केली आहे. पत्र पोचल्याची पावती आली आहे; उत्तराची वाट पाहत आहोत.